चूल आणि वैल

जुन्या घरांतील स्वयंपाकघर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना चुलीला जोडून असलेला वैल आठवत असेल. पुढे चुलीत लाकूड जळत असे आणि तिच्यावर भाकरी भाजली जाई. चुलीच्या कुशीला ठेवलेल्या भोकातून जी धग बाजूला जाई, तिच्यावर वैलावरची आमटी संथपणे शिजत राही. वैलासाठी वेगळे सरपण कोणी घालीत नसे. जी उष्णता एरवी भिंतीला आणि धुराला गेली असती, तिच्यावरच तो पोसला जाई. ज्या कोणी हा वैल प्रथम घडविला, त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. परंतु यंत्रविद्येतील एक फार मोठा विचार त्या मातीच्या ओट्यात सामावलेला आहे. अग्नी एकदा पेटविला की त्याच्याकडून एकच काम करून घ्यावे आणि उरलेली उष्णता वाऱ्यावर सोडून द्यावी, हा उधळेपणा होय.

आज मी आपल्याला याच विचाराचा थोडा इतिहास सांगणार आहे. थंड प्रदेशांत घर उबदार ठेवण्यासाठी आणि स्नानाच्या पाण्यासाठी घरोघरी बॉयलर असतो. त्याच बॉयलरच्या ज्वाळेतून घरापुरती वीजही का निर्माण करू नये, हा प्रश्न तेथील यंत्रज्ञांना अनेक वर्षे पडलेला आहे. आपल्याकडील साखरधंद्यात या पद्धतीला ‘सहवीजनिर्मिती’ असे नाव रूढ झाले आहे. कारखान्यात ती रुजली. घरात मात्र ती पुन्हा पुन्हा आली आणि बहुतेक वेळा उंबरठ्यावरूनच परत गेली. असे का व्हावे, हे समजून घेण्यासारखे आहे.

या कथेचा पाया एका फ्रेंच तरुणाने घातला. सादी कार्नो हा सैन्यातील एंजिनिअर. १८२४ साली, वयाच्या २८ व्या वर्षी, त्याने अग्नीच्या चालकशक्तीविषयी एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले. पाणचक्की चालावयाची तर पाणी उंचावरून खाली पडले पाहिजे. त्याचप्रमाणे एंजिन चालावयाचे तर उष्णता तप्त वस्तूकडून थंड वस्तूकडे गेली पाहिजे, असा त्याचा विचार होता. त्याचे काही तपशील पुढे दुरुस्त झाले. पण गाभा टिकला. उष्णतेवर चालणारे कोणतेही एंजिन, ते कितीही कुशलतेने बनविलेले असो, मिळालेल्या सर्व उष्णतेचे कामात रूपांतर करू शकत नाही. काही भाग त्याला थंड बाजूला टाकावाच लागतो. कार्नो १८३२ साली पटकीच्या साथीत वारला. त्याच्या पुस्तकाकडे त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नव्हते. परंतु त्याच्या सिद्धान्ताचा एक व्यावहारिक अर्थ आजच्या विषयाच्या मुळाशी आहे. एंजिनाने टाकलेली उष्णता हा यंत्राचा दोष नसून निसर्गाचा नियम आहे. तेव्हा ती टाळावी कशी हा प्रश्न व्यर्थ. ती कोणाच्या उपयोगी पाडावी, हा खरा प्रश्न.

कार्नोच्या आठ वर्षे आधी स्कॉटलंडमध्ये एका धर्मोपदेशकाने एक निराळेच एंजिन शोधून काढले होते. रॉबर्ट स्टर्लिंग हे त्याचे नाव. १८१६ साली त्याची किल्मारनॉक येथे धर्मोपदेशक म्हणून नेमणूक झाली आणि त्याच वर्षी त्याने आपल्या एंजिनाचे पेटंट मागितले. वाफेच्या एंजिनात पाण्याची वाफ करावी लागते आणि तिचा दाब वाढला तर बॉयलर फुटतो. त्या काळी असे अपघात वारंवार होत आणि माणसे मरत. स्टर्लिंगच्या एंजिनात वाफ नव्हतीच. बंद सिलिंडरातील हवा एका टोकाला तापवावयाची आणि दुसऱ्या टोकाला निववावयाची. तापताना ती फुगते, निवताना आकसते, आणि या फुगण्या-आकसण्याने दट्ट्या हलतो. अग्नी सिलिंडराच्या बाहेर असतो. त्यामुळे लाकूड, कोळसा, तेल, गॅस, काहीही चालते, आणि एंजिन जवळजवळ निःशब्द चालते.

१८१८ साली असे एक एंजिन एअरशरमधील दगडाच्या खाणीतून पाणी उपसू लागले. पुढे रॉबर्टचा भाऊ जेम्स, जो व्यवसायाने एंजिनिअर होता, याने डंडी येथील ओतकामाच्या कारखान्यात मोठे एंजिन बसविले. तेथे मात्र लोखंडाने दगा दिला. सतत आगीत राहणारी सिलिंडरची बुडे जळून जात. त्या काळी तसा ताप सहन करणारी धातूच उपलब्ध नव्हती, आणि काही वर्षांत ते एंजिन बंद करावे लागले. यानंतर उष्ण हवेच्या एंजिनांनी लहान कामे पत्करली. अमेरिकेत ती घरांसाठी विहिरीचे पाणी चढवीत. हिंदुस्थानात, जेथे वीज पोहोचली नव्हती तेथे, रॉकेलच्या दिव्यावर चालणारे उष्ण हवेचे पंखे विकले जात. खाली दिवा जळत आहे आणि वर पंखा वारा घालीत आहे, हे दृश्य त्या काळच्या पाहुण्यांना नवलाचे वाटले असल्यास आश्चर्य नाही. रॉबर्ट स्टर्लिंग १८७८ साली वारला. त्याचे एंजिन घरातील बॉयलरमध्ये जाऊन बसावयास आणखी सव्वाशे वर्षे लागावयाची होती.

आता आपण न्यूयॉर्क शहरात जाऊ. साल १८८२. पिअरपॉंट मॉर्गन या धनाढ्य सावकाराने मॅडिसन ॲव्हेन्यूवरील आपल्या घरात एडिसनचे विजेचे दिवे लावून घेतले. वीज येणार कोठून? शहरात तारा नव्हत्या. म्हणून घरामागील तबेल्याखाली तळघर खणून तेथे बॉयलर, वाफेचे एंजिन आणि डायनॅमो बसविण्यात आले. दररोज दुपारी ३ वाजता एक एंजिनिअर येई, बॉयलर पेटवी आणि रात्री ११ वाजता यंत्र बंद करून निघून जाई. घड्याळाकडे लक्ष न देता पाहुणे गप्पांत रंगले की ११ च्या ठोक्याला घर अंधारात बुडे. शेजाऱ्यांचा त्रास वेगळाच होता. यंत्राच्या धडधडीने शेजारणीचे घर हादरे आणि तिच्या तक्रारी येत. यंत्राखाली रबराचे थर आणि भोवती वाळूच्या पिशव्या रचून तो आवाज कसाबसा आवरावा लागला.

त्याच वर्षीच्या ४ सप्टेंबरला एडिसनने पर्ल स्ट्रीट येथील आपले वीजघर सुरू केले. त्या दिवशी ज्या कचेऱ्यांत दिवे लागले त्यांत मॉर्गनची वॉल स्ट्रीटवरील पेढी होती. खुद्द एडिसन तेथे उपस्थित होता. म्हणजे एकाच गृहस्थाच्या घरी घरच्या बॉयलरची वीज आणि पेढीवर मध्यवर्ती वीजघराची वीज, असे दोन मार्ग एकाच वर्षी शेजारी शेजारी उभे होते. पुढील शंभर वर्षांत जगाने कोणता मार्ग धरला हे सर्वविदित आहे. घरात एंजिन, एंजिनिअर, धूर आणि शेजाऱ्यांची भांडणे सांभाळण्यापेक्षा भिंतीतून येणारी तार कोणालाही सोयीची वाटणार.

तथापि पर्ल स्ट्रीटचे वीजघर वैलाला विसरले नव्हते. ते शहराच्या मध्यभागी होते, आणि वीज निर्माण केल्यानंतर उरलेली वाफ आसपासच्या इमारतींना उष्णतेसाठी पुरविली जाई. वाफ नळाने विकण्याचा धंदाही तेथे नवा नव्हता. बर्डसिल हॉली याने न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट गावी १८७७ साली एका बॉयलरपासून अनेक घरांना वाफ पुरविण्याची योजना चालू करून दाखविली होती. वीजघर गावात असेपर्यंत त्याची टाकाऊ उष्णता गावाच्या उपयोगी पडत होती.

हे नाते तुटले ते दोन कारणांनी. पहिले कारण म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाह. त्यामुळे वीज दूरवर नेणे सोपे झाले. दुसरे कारण वाफेचे टर्बाइन. चार्ल्स पार्सन्सने १८८४ साली ते सिद्ध केले, आणि यंत्र जितके मोठे तितकी वीज स्वस्त, असा काळ आला. शिकागोमध्ये सॅम्युअल इन्सल याने या तत्त्वावर प्रचंड उद्योग उभारला. वीजघरे मोठी झाली, मोठी झाली म्हणून गावाबाहेर गेली, आणि बाहेर गेली म्हणून त्यांच्या उष्णतेला गिऱ्हाईक उरले नाही. तारेतून वीज शेकडो मैल जाते. गरम पाणी तितके दूर नेता येत नाही. कोळशावर चालणाऱ्या साधारण वीजघरात १०० मापे उष्णतेतून सुमारे ३५ मापे वीज मिळते. उरलेली बहुतेक उष्णता नदीच्या पाण्यात किंवा त्या अजस्र शीतक मनोऱ्यांतून आकाशात जाते. आणि त्याच वेळी, त्याच देशात, प्रत्येक घरी थंडी घालविण्यासाठी निराळा कोळसा जळत असतो!

हा विरोध काही ठिकाणी लोकांच्या लक्षात आला. कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्ग येथे १९०३ साली शहराचा कचरा जाळून वीज आणि उष्णता दोन्ही मिळविणारे केंद्र सुरू झाले. त्याची उष्णता रुग्णालयाला मिळे. लंडनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर बॅटरसी वीजघराचे गरम पाणी थेम्स नदीखालून पलीकडच्या पिमलिको भागात नेण्यात आले आणि तेथे नव्याने बांधलेल्या घरांना ऊब मिळाली. १९८३ साली वीजघर बंद होईपर्यंत ही व्यवस्था चालू होती. १९७३ सालच्या तेलसंकटाने डेन्मार्कला मोठा धक्का दिला. त्या देशाने १९७९ साली उष्णतेच्या पुरवठ्यासंबंधी स्वतंत्र कायदाच केला. वीजघरांची उष्णता नळांनी गावोगाव पोहोचविण्यात आली. आज तेथील सुमारे दोन तृतीयांश घरे अशा सामायिक नळांवर तापतात. संपूर्ण गावाने मिळून एक वैल बांधला, असे म्हणावयास हरकत नाही.

तेलसंकटानेच घरगुती सहवीजनिर्मितीलाही पुन्हा जाग आणली. इटलीत तुरीन येथील फियाट कंपनीच्या संशोधनकेंद्रात मारिओ पालाझेत्ती या एंजिनिअरने एक सरळ विचार केला. मोटारीचे एंजिन उष्णता बाहेर टाकण्यासाठी रेडिएटर बाळगते. तीच उष्णता घरास का देऊ नये? त्याने फियाट १२७ या लहान मोटारीचे एंजिन घेतले, त्याला विद्युत्‌जनित्र जोडले आणि सर्व एका पेटीत बंद केले. ‘टोटेम’ या नावाचे ते यंत्र १५ किलोवॅट वीज आणि त्याच्या अडीचपट उष्णता देई. एका कुटुंबाला ते फार मोठे होते; परंतु चाळीला, वसतिगृहाला किंवा गोठ्याला योग्य होते. जर्मनीत ‘डाक्स’ या नावाचे सुमारे साडेपाच किलोवॅटचे यंत्र तयार झाले आणि ते टिकले. अमेरिकेने १९७८ साली कायदा करून वीज कंपन्यांवर असे बंधन घातले की, सहवीजनिर्मिती करणाऱ्यांची वीज त्यांनी विकत घेतली पाहिजे. हा कायदा महत्त्वाचा होता. वीज कोण निर्माण करतो याइतकाच ती कोण विकत घेतो हा प्रश्न निर्णायक असतो.

अखेर नव्या शतकाच्या आरंभी यंत्र खरोखर एका घराच्या मापाचे झाले, आणि तेथे आपले स्टर्लिंगसाहेब पुन्हा भेटतात. अमेरिकेतील ओहायो येथे विल्यम बील याने १९६० नंतरच्या दशकात स्टर्लिंग एंजिनाचा एक नवा प्रकार काढला होता. त्यात दट्ट्याला दांडा नाही, फिरते चाक नाही. दट्ट्या बंद पात्रात वायूच्या दाबानेच खालीवर तरंगत राहतो आणि त्याच्याबरोबर हलणाऱ्या चुंबकाने वीज निर्माण होते. झिजावयास काही नाही, तेल घालावयास नको. हेच तत्त्व वापरून ब्रिटनमध्ये २०१० साली ‘इकोजेन’ नावाचा बॉयलर बाजारात आला. भिंतीवर टांगण्याजोगा, एक किलोवॅट वीज देणारा. त्याआधी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथील विद्यापीठाच्या संशोधनातून ‘व्हिस्परजेन’ हे यंत्र निघाले होते. ते आरंभी नौकांवरील बॅटऱ्या भरण्यासाठी वापरले जाई. २००४ साली ब्रिटनमधील एका मोठ्या वीज कंपनीने त्याची ८०,००० यंत्रे घेण्याचा बेत जाहीर केला. ब्रिटिश सरकारनेही १ एप्रिल २०१० पासून अशा यंत्रांच्या प्रत्येक युनिटला १० पेन्सचे अनुदान ठरविले आणि ते पहिल्या ३०,००० यंत्रांपुरते मर्यादित ठेवले.

श्रोतेहो, ती मर्यादा कधी गाठलीच गेली नाही. बसलेली यंत्रे तिच्या जवळपासही गेली नाहीत. ८०,००० यंत्रांचा बेत कागदावरच राहिला, व्हिस्परजेनचा उद्योग २०१२ च्या सुमारास मिटला, आणि २०१९ साली ती अनुदानाची योजनाही नव्या अर्जांना बंद झाली. जपानमध्ये होंडा कंपनीने २००३ साली एक किलोवॅटचे लहान गॅस एंजिन घराघरांत नेले होते. त्याचे उत्पादन २०१७ साली थांबले. उत्तम कारागिरी, सरकारी साहाय्य, मोठ्या कंपन्यांचे बळ, सर्व असूनही असे झाले. याचे कारण काय?

पहिले कारण वेळेचे. घराला उष्णता हवी असते पहाटे आणि थंडीत. वीज हवी असते सायंकाळी आणि वर्षभर. वैलावर आमटी शिजते ती चूल पेटलेली असेपर्यंतच. उन्हाळ्यात बॉयलर पेटविण्याचे कारण नाही, म्हणून वीजही नाही. शिवाय स्टर्लिंग एंजिन तापून कामाला लागण्यास काही मिनिटे घेते. लहान, चांगल्या बांधणीच्या घरात बॉयलर थोडा वेळ चालतो आणि बंद होतो; तेथे एंजिन तापते न तापते तोच काम संपते. ब्रिटनमधील कार्बन ट्रस्ट या संस्थेने प्रत्यक्ष घरांत केलेल्या पाहणीतही हेच दिसले. मोठ्या, सतत उष्णता लागणाऱ्या इमारतींना हे यंत्र मानवते, लहान घराला नाही. म्हणजे घर जितके काटकसरीने बांधावे, तितके हे काटकसरीचे यंत्र निरुपयोगी ठरावे, असा हा विलक्षण पेच आहे.

दुसरे कारण हिशेबाचे. तो हिशेब आपण सोप्या आकड्यांनी करून पाहू. समजा, घरगुती यंत्राला १०० मापे गॅस दिला आणि त्यातून १२ मापे वीज व ७८ मापे उष्णता मिळाली. आता हीच वीज आणि हीच उष्णता वेगवेगळी मिळवावयाची झाल्यास किती इंधन लागेल? चांगल्या साध्या बॉयलरला ७८ मापे उष्णतेसाठी सुमारे ८७ मापे गॅस पुरतो. वीज जुन्या कोळशाच्या वीजघरातून आणली तर त्या १२ मापांसाठी आणखी ३४ मापे इंधन जळते. एकूण १२१ झाले. घरगुती यंत्राने २१ मापे वाचविली; फायदा स्पष्ट आहे. वीज आधुनिक गॅसच्या वीजघरातून आली, तर २४ मापे पुरतात. एकूण १११, बचत निम्म्यावर आली. आणि वीज वाऱ्यावर, उन्हावर किंवा धबधब्यावर निर्माण झालेली असेल, तर तिच्यासाठी इंधन लागतच नाही. मग साधा बॉयलर ८७ मापांत काम भागवितो आणि आपले कौतुकाचे यंत्र १०० मापे जाळीत बसते. यंत्र तेच आहे, गॅस तोच आहे; बदलला तो शेजारचा वीजपुरवठा. ब्रिटनमधील वीजपुरवठ्यातून कोळसा जसजसा हद्दपार झाला, तसतसे या बॉयलरचे पुण्य क्षीण होत गेले. यंत्राचे मोल यंत्रात नसते, ते ज्या व्यवस्थेत बसविले आहे तिच्यात असते.

जपानने मात्र हार मानली नाही. तेथे २००९ पासून ‘एनेफार्म’ या नावाने इंधनघटाची घरगुती यंत्रे विकली जाऊ लागली. त्यांत गॅसपासून हायड्रोजन काढून त्याचा प्राणवायूशी शांतपणे संयोग घडवितात आणि थेट वीज मिळवितात. एंजिन मुळी नाहीच. वीज जास्त आणि उष्णता कमी असल्यामुळे ते लहान घरालाही मानवते. मिळालेली उष्णता गरम पाण्याच्या टाकीत साठविली जाते, आणि रोज रात्री गरम पाण्यात बसून स्नान करण्याची जपानी चाल तिला बाराही महिने गिऱ्हाईक देते. तेथे ही यंत्रे लाखोंच्या संख्येने बसली आहेत. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानी आली. घरात वीजयंत्र असूनही बाहेरची वीज गेली की ते बंद पडत असे, कारण ते बाहेरच्या तारांशी बांधलेले होते. त्यानंतर अंधारातही स्वतंत्रपणे चालणारे नमुने तयार करण्यात आले. लोकांच्या गरजेपुढे यंत्राला वाकावे लागते, ते असे.

आपल्या प्रदेशात घर तापविण्याची गरज नाही. न्हाणीघरातील तांब्याच्या बंबाइतकीच आपली उष्णतेची मागणी. म्हणून घरगुती यंत्राची ही कथा आपल्या घरांची नव्हे. परंतु तिचे सार कृष्णाकाठी रोज पाहावयास मिळते. बेळगाव जिल्ह्यातील उगार खुर्द येथे १९३९ साली शिरगावकर बंधूंनी साखर कारखाना काढला. ऊस पिळल्यावर उरणारी चिपाडे बॉयलरमध्ये जातात, वाफ टर्बाइन फिरविते, आणि तीच वाफ पुढे रस आटविण्याच्या कामी येते. उगारप्रमाणेच कर्नाटक आणि महाराष्ट्रातील अनेक कारखाने आज साखरेबरोबर वीज विकतात. येथे ही पद्धत का फळली? उष्णतेचे गिऱ्हाईक यंत्राच्या शेजारी उभे आहे, गळीत हंगाम संपेपर्यंत रात्रंदिवस उभे आहे, आणि सरपण म्हणजे कारखान्याचाच केरकचरा आहे. लंडनच्या लहान घरात जे तीन योग जुळले नाहीत, ते तिन्ही उसाच्या फडाशेजारी आपोआप जुळतात.

श्रोतेहो, मॉर्गनच्या तबेल्याखालील धडधडीपासून जपानी घरातील निःशब्द पेटीपर्यंतचा हा प्रवास आपल्याला एक साधी गोष्ट शिकवितो. उष्णता वाया जाऊ नये ही इच्छा पुरेशी नाही. ती घेणारा जवळ हवा, ती हवी तेव्हा हवी, आणि सारा हिशेब एका चुलीचा न करता अख्ख्या गावाचा करावयास हवा. कोणी विक्रेता घरबसल्या फुकट विजेचे आश्वासन घेऊन दारी आला, तर त्याला आपण एकच विचारावे: ‘तुमच्या यंत्राची उरलेली उष्णता माझ्या घरात कोणत्या कामी येणार?’ या प्रश्नाचे उत्तर ज्या सुगरणीला ठाऊक होते, तिनेच वैल हाताच्या अंतरावर बांधला होता.